पन्नास रुपयांत गेलेल्या अठ्ठेचाळीस बाटल्या

(हेडफोन जवळ नसेल तर हा भाग वाचा. बोलण्यातले शब्द शक्य तितके तसेच ठेवलेत.)

मी बोलतोय कड्याहून. कडा म्हणजे बीड जिल्हा, आष्टी तालुका. नगरहून आष्टीकडं निघालात की आमचं गाव लागतं. आज विषय जरा वेगळा आहे. बाटल्या. जुन्या, काचेच्या, रिकाम्या बाटल्या. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. माझे आजोबा बाजारात गोटी सोड्याची गाडी लावायचे. ते गेल्यावर त्यांच्या बाटल्या माळवदावरच्या खोलीत पडून होत्या. दोन लाकडी खोकी, एकेका खोक्यात चोवीस. मी अकरावीत होतो. घराचं प्लास्टर काढलेलं, खोली रिकामी करायची होती, आणि दारात भंगारवाला आला. काच किलोवर जाते आणि काचेला भाव नसतोच. अठ्ठेचाळीस बाटल्यांचे आले पन्नास रुपये. त्याचा मी रिचार्ज मारला. दोन-तीन दिवसांत डेटा संपला. विषय संपला, असं मला वाटलं.

पुढं काही वर्षांनी रात्री मोबाईल बघत पडलो होतो. स्क्रोल करता करता एक व्हिडिओ आला. अमेरिकेतला लिलाव, आणि टेबलावर काय? तळहातात मावेल अशी चपटी बाटली. आपल्याकडं 'चपटी' म्हणलं की लोक गालात हसतात. बरोबर ओळखलंत, ती दारूचीच होती. तिकडं तिला फ्लास्क म्हणतात. दुर्मिळ रंगाची असेल तर तिला आपल्या पैशात लाखो रुपये मिळतात.

मला वाटलं, येडी आहेत का ही माणसं? मग बघत गेलो, वाचत गेलो, आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडला.

साधारण 1815 ते 1870 या काळात अमेरिकेत या फ्लास्क भरपूर बनल्या. कारागीर लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायचा, कोरीव साच्यात धरायचा आणि तोंडानं फुंकायचा. साच्यातली नक्षी काचेवर उमटायची. कुणावर जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा, कुणावर गरुड. एका प्रकारावर तर रुळांवरची गाडी आहे आणि ती ओढतोय घोडा! कारण अगदी सुरुवातीला रुळांवरचे डबे घोडेसुद्धा ओढायचे. त्यावर अक्षरं आहेत, 'सक्सेस टू द रेलरोड'. म्हणजे रेल्वेला यश मिळो. आमच्या कड्याच्या माणसाला हे लगेच कळतं बघा. नगर ते न्यू आष्टी गाडी सुरू झाली सप्टेंबर 2022 मध्ये. तिची वाट बघण्यात इथल्या किती जणांची हयात गेली. पहिली गाडी आली तेव्हा लोकांनी मोबाईलमध्ये व्हिडिओ काढले. त्या काळच्या माणसांनी आपला आनंद बाटलीवर काढला, एवढाच फरक.

आता बाटली वाचायची कशी, ते सांगतो. हे तुम्ही घरीही करू शकता.

पहिलं, तळ बघा. जुन्या काळी बाटलीचं तोंड घडवताना ती धरायची कशी? तर तळाला दुसरी लोखंडी सळई चिकटवायचे आणि काम झालं की ती तोडायचे. तिथं खरबरीत व्रण राहतो. बोट फिरवलं की कळतो. अमेरिकेत 1860 च्या आसपास बाटली धरायचा चिमटा रुळला आणि हा व्रण दिसेनासा झाला.

दुसरं, शिवण. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं काचेवर उभी रेघ येते. तोंडानं फुंकलेल्या बाटलीची ही रेघ बहुतेक वेळा मानेपाशी पुसट होते, कारण तोंड नंतर हातानं घडवलेलं असतं. यंत्राच्या बाटलीत ती थेट ओठापर्यंत जाते. मायकेल ओवेन्स नावाच्या अमेरिकन माणसानं 1903 च्या सुमारास बाटल्या बनवणारं पूर्ण स्वयंचलित यंत्र आणलं आणि हा सगळा धंदाच बदलला.

तिसरं, रंग. साध्या बाटलीला हिरवट-निळसर झाक असते ना, ती वाळूतल्या लोखंडामुळं. ती घालवायला जुने कारखाने मँगनीज टाकायचे. गंमत अशी की अशी पांढरी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी होत जाते. काही लबाड विक्रेते यंत्रातून किरण सोडून काच मुद्दाम गडद जांभळी करतात आणि जुनी दुर्मिळ म्हणून विकतात. ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. प्रसिद्ध फ्लास्कच्या नकलाही ढिगानं निघाल्यात.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती वेगळीच गोष्ट. जॉर्ज आणि हेलन मॅककिअरिन या बापलेकीनं 1941 साली अमेरिकन काचेवर मोठं पुस्तक काढलं. त्यात त्यांनी फ्लास्कचे गट पाडले आणि एकेका साच्याला क्रमांक दिला. आजही संग्राहक तेच क्रमांक वापरतात. म्हणजे दारूच्या रिकाम्या चपटीलासुद्धा तिकडं नाव, गाव, नंबर आहे.

आणि मी काय केलं होतं? अठ्ठेचाळीस बाटल्या किलोवर दिल्या होत्या.

सकाळी उठून आजीकडं गेलो. तिच्या कोनाड्यात एक गोटी बाटली होती, मला माहीत होतं. भंगारवाला आला त्या दिवशी ती तिनं पदराखाली घेऊन बाजूला ठेवली होती. मला तेव्हा एक शब्द बोलली नव्हती.

बाटली हातात घेतली आणि शिकलेलं सगळं लावून बघितलं. तळाला एक आकडा. बाकी नाव नाही, गाव नाही. शिवण मानेत पुसलेली, पण त्यावरून वय काढता येत नाही, कारण गोटी बाटलीत गोटी आत टाकल्यावरच तोंड तापवून अरुंद करतात. ही बाटली मूळची इंग्लंडची. हायरम कॉड नावाच्या माणसानं 1872 साली तिचं पेटंट घेतलं. मानेत रबराची चकती असते. बाटली उलटी धरून गॅस भरतात, म्हणजे दाबानं गोटी त्या चकतीला घट्ट बसते. आपलं आपण झाकण! प्यायच्या वेळी अंगठ्यानं दाबायची, फट्ट! आणि मानेत जे दोन खळगे असतात ना, ते ओतताना गोटी अडून राहावी म्हणून. तिकडं पोरं गोट्यांसाठी बाटल्या फोडायची. आपल्याकडंही काही वेगळं नव्हतं.

मी आजीला म्हणलं, "आजी, हिच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही गं."

ती म्हणाली, "लिहायला कशाला पाहिजे? मला माहितीय नं."

मग ती बोलायला लागली. गॅसची टाकी नगरहून यायची. भरताना एखादी बाटली फुटायची, म्हणून ती लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून फिरवायची. एकदा जाळीचं दार नीट लागलं नव्हतं. आजोबांच्या उजव्या हातावर तो व्रण होता. मी लहानपणी त्यावरून बोट फिरवायचो, पण कशाचा आहे ते कधी विचारलं नव्हतं. ओठ उडालेली बाटली ते वेगळी ठेवायचे, गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत. कोनाड्यातली ती तसलीच.

आणि मग 1972 चा दुष्काळ. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालेलं. प्यायलाच पाणी नाही, तर सोडा कशाचा करणार? गाडी बंद पडली. दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून गेली. बाटल्यांनाही गिऱ्हाईक आलं होतं, दुसऱ्या गावचा सोडावाला. आजोबांनी दिल्या नाहीत. सगळ्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. आजीनं विचारलं तर म्हणाले, पाऊस आल्यावर काय विकू मग?

"तसल्या साली त्यांनी विकल्या नाहीत, पोरा," ती म्हणाली. बस्स. पुढं काही बोलली नाही. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

मंडळी, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. अमेरिकन फ्लास्कवर साच्यातच लिहिलेलं असतं. आपल्या बाटल्यांची माहिती बहुतेक वेळा माणसांच्या तोंडात असते. माणूस गेलं की ती बाटली नुसती काच उरते. मग तिला किलोचाच भाव येणार.

आणि आपल्या महाराष्ट्रात काचेचा इतिहास काही कमी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकानं एक पैसा द्यावा म्हणून पैसा फंड काढला. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशातून 1908 साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. तिथं काम शिकवायला आणले ईश्वरदास वार्ष्णेय, जपान आणि अमेरिकेत जाऊन शिकून आलेले. म्हणजे अमेरिकेचं शिक्षण आपल्या मावळात पोचलं होतं. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना झाला. प्रभाकर कंदील तिथलाच. तुमच्या गावी माळ्यावर अजून एखादा असेल. त्याच्या काचेवरची अक्षरं कधी वाचलीत का?

आता मी काय करतो ते सांगतो. भंगारच्या दुकानात जातो, पण ओरबाडत नाही. बाटली घेतली की पट्टी शेजारी ठेवून चार फोटो काढतो: समोरून, तळ, तोंड, अक्षरं. कुठं मिळाली आणि कुणी दिली ते लिहितो. देणाऱ्याला विचारून त्याचं बोलणं रेकॉर्ड करतो. पस्तीस बाटल्या झाल्यात. आजोबांच्या अठ्ठेचाळीसपैकी एकही परत मिळाली नाही. काच वितळून गेली, ती कशी मिळणार?

दोन गोष्टी सांभाळा. किल्ल्यावर, गढीत, जुन्या विहिरीत खणायला जाऊ नका. संरक्षित जागेत खणणं हा गुन्हा आहे. आणि कुणी परदेशातला ग्राहक मोठी रक्कम देतो म्हणला, तर आधी थांबा. शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू अशी आपली आपण देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यासाठी 1972 चाच कायदा आहे.

आजीची बाटली अजून कोनाड्यातच आहे. मी मागितली होती. ती म्हणाली, "मी हाये तोवर इथंच राहू दे." मग मी तिचं बोलणंच रेकॉर्ड करून घेतलं, एकोणचाळीस मिनिटं. बाटली क्रमांक एक म्हणून तिची नोंद केलीय.

या आठवड्यात एवढंच करा. घरातली एक जुनी वस्तू उचला, बाटली नसली तरी चालेल, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. फोनचं रेकॉर्डिंग चालू आहे हे त्यांना सांगा आणि गप्प बसा. पुढचं ते बोलतील.

चला, भेटू पुढच्या भागात. कड्याहून राम राम!