रकान्याची व्याख्या



आपल्या डिचोलीला कोकणीत दिवचल म्हणतात. पोर्तुगीज दप्तरात ती बिचोलिम झाली. १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेलेले पेडणे तेथे पेर्नेम म्हणून नोंदले गेले. जुन्या मराठी शुद्धलेखनात ‘पेडणें’ असा अनुस्वारही येई. माणसाला हे सारे एकच गाव वाटते. संगणक मात्र केवळ अक्षरे पाहतो. म्हणून शोधसूची करताना प्रत्येक रकान्याची व्याख्या त्याला द्यावी लागते : मजकुराचे शब्द कसे पाडावे, अंत्य अनुस्वार गाळावा काय, कोणती नावे समान मानावी.

समजा, शाळेचे जनरल रजिस्टर, ग्रंथालयाची दाखल नोंदवही आणि वार्षिक अंक यांच्या तीन सूची केल्या आणि ‘गाव’ या रकान्याची व्याख्या तिन्हींत उतरवून घेतली. पुढे कोणी एकीत ‘दिवचल’ची भर घातली, उरलेल्या दोन तशाच राहिल्या. आता आजोबांच्या जन्मतारखेचा पुरावा शोधणारा नातू ‘दिवचल’ लिहितो, आणि जनरल रजिस्टर उत्तर देते : शून्य. यंत्र चूक झाली असे सांगत नाही, हीच खरी भीती आहे. आजोबा या शाळेत नव्हतेच, असे समजून तो परत जातो.

यासाठी व्याख्या एकदाच लिहावी, तिला नाव द्यावे आणि सर्व सूचींनी त्या नावाने ती घ्यावी. डग कटिंग यांनी लिहिलेल्या ल्युसीनवर उभ्या असलेल्या सोलर या प्रणालीत रकान्याचा ‘प्रकार’ असा नावाने वापरता येतो. इलास्टिकसर्चमध्ये २०२० पासून ‘कॉम्पोनंट टेम्प्लेट’ची सोय आहे.

मात्र व्याख्या सामाईक करणे म्हणजे रकाने एकत्र करणे नव्हे. जन्मगाव आणि सध्याचे गाव वेगळेच राहिले पाहिजेत. आडनावाला तर ही व्याख्या लावूच नये. पेडणेकर गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला असू शकतो. पेडण्याच्या शोधात तो आला तर गोंधळच वाढेल.

आणखी एक. टेम्प्लेट बदलले तरी आधीच बांधलेली सूची बदलत नाही. शब्द पाडण्याची रीत बदलली की ती सूची मूळ नोंदींवरून पुन्हा बांधावी लागते. समान नावांची यादी मात्र शोधाच्या वेळी लावण्याची व्यवस्था ठेवली, तर पुनर्बांधणी न करता नवे नाव तीत घालता येते. दिवचलसारख्या नावांसाठी मी हीच वाट पसंत करतो.