सूर्यशक्ती, सरकारी साहाय्य आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पेण येथे केलेले भाषण)



पेण व रोहे या दोन्ही तालुक्यांतील कुटुंबांसमोर दोन शब्द बोलण्याचा मान एका निवृत्त शिक्षकास दिल्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता अनुभवाचे चार बोल गोड मानून घ्यावेत.

रोहेकरांना कुंडलिकेची महती सांगावयास नको. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून भिरा येथे उतरते, तेथे टाटांच्या केंद्रात १९२७ पासून वीज निर्माण होते आणि तेच पाणी कुंडलिकेतून कोलाड-रोह्याकडे येते. धरणात ज्यांच्या जमिनी जाणार होत्या, त्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्यापायी कारावास भोगला. वीज मात्र मुंबईस गेली. आमच्या लहानपणी कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम आमच्याकडे असे. पाण्यापासून झालेली वीजही कोणाच्या तरी पदरी अंधार टाकू शकते, हे तेव्हापासून मनावर ठसले आहे.

सूर्याचे तसे नाही. तो ज्याच्या त्याच्या छपरावर उगवतो. सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू करून १ कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. तीनुसार २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट वा अधिक असल्यास एकूण ७८,००० रुपये साहाय्य ठरविले गेले. एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट मोकळे छप्पर लागते व वर्षाची सरासरी धरता रोज ४ युनिटे मिळतात. आपल्याकडील आषाढ-श्रावणात ती बरीच घटतात. पण चैत्र-वैशाखातील शिल्लक वीज मीटरवर जमा राहून पावसाळ्यात उपयोगी पडते.

मग अडचण कोठे आहे? साहाय्य यंत्रणा बसविल्यानंतर खात्यात जमा होते. पैसा आधी उभा करावा लागतो. बँका कर्ज देतात खऱ्या, परंतु ज्या विधवा भगिनीने आयुष्यात बँकेचा अर्ज भरलेला नाही, तिच्यापर्यंत ही योजना कशी पोहोचावी? आणि जो भाड्याच्या खोलीत राहतो, त्याने कोणाचे छप्पर दाखवावे? ज्याला आधीच आहे त्यालाच आणखी मिळावे, हा न्याय नव्हे.

दुसरा इशारा आमच्या गावचा. पूर्वी सरकारी अनुदानावर तेथे गोबरगॅसच्या टाक्या झाल्या. पुढे गुरे विकली गेली, गॅसचे सिलिंडर आले, आणि टाक्यांत रानवेली माजल्या. आमच्याही परसात अशी एक टाकी आहे, दोष आमचाच. अनुदान वस्तू देते, निगा देत नाही. पेणच्या खाडीकडील खारा वारा लोखंडास खातो. म्हणून सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्यावा आणि तावदाने वेळोवेळी धुवावीत.

तिसरी गोष्ट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आम्ही कित्येक रात्री अंधारात काढल्या. पुष्कळांस वाटते, सौर तावदाने असली की अशा वेळी दिवे लागतील. तसे होत नाही. तारेवर काम करणाऱ्यास धक्का बसू नये म्हणून, वीज गेली की बॅटरीविरहित यंत्रणाही आपोआप बंद पडते. ही गोष्ट विक्रेत्यास आधी विचारून घ्यावी.

आमची मंडळास नम्र सूचना अशी : सरकारी रक्कम येईपर्यंत गरजू कुटुंबांना मंडळाच्या निधीतून बिनव्याजी उसनवार द्यावी; अर्ज भरून देण्यास आपल्या महाविद्यालयीन मुलांनी पुढे यावे; आणि सभागृहाच्या छपरावर यंत्रणा बसवून वीजबिलातील बचत भाडेकरू कुटुंबांच्या मुलांच्या पुस्तकांस द्यावी. पहिली वर्गणी म्हणून आम्ही आमचे एका महिन्याचे निवृत्तिवेतन आजच खजिनदारांच्या हाती देत आहोत.

तीस वर्षे आम्ही फळ्यावर लिहीत आलो की, सूर्य हा शक्तीचा उगम आहे. स्वतःच्या छपराकडे मात्र आता पाहिले. तुम्ही इतका उशीर करू नका. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.