मंडईतली पंगत
(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात केलेलं भाषण)



आम्हाला सांगितलं, महाराज, शंभर वर्षांच्या मेळाव्यात तुम्हीही दोन शब्द बोला. आम्ही चौथी शिकलेले. आमची बाकीची शाळा बांधीच्या चिखलात अन् वीणेच्या पायाशी झाली. दिंडी कशी निघाली, वीणा कोणाकोणाच्या गळ्यात होती, ते आधीच्या मंडळींनी सांगितलं. आम्ही चुलीपाशी बसणारे माणूस. म्हणून आपल्या दिंडीची मंडईतली पंगत तेवढी सांगतो. त्यात आमची एक चूक आहे, तीही सांगतो.

बाहेरगावच्या माउलींना मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल. तसं नाही. आपल्या भंडारा-गोंदियाकडं भाऊबीज झाली की मंडया लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई, सोयरेधायरे येतात. दुकानं लागतात, पोट्टे शिट्ट्या-फुगे घेतात. दंडार होते, नाटक होते, अन् खडी गंमत होते. खडी गंमत म्हणजे शाहीर अन् त्याचे साथीदार उभ्यानं गातात, रात्र सरली तरी खाली बसत नाहीत. ढोलकी, तुणतुणं, मंजिरा, अन् लुगडं नेसलेला गडी नाचतो. आपल्या झाडीपट्टीचं हे जुनं धन आहे.

आता कोणी म्हणेल, वारकऱ्याचं तिथं काय काम? त्याचं कारण आपलं धान. आषाढी येते तेव्हा बांधीत रोवणी असते. कार्तिकी येते तेव्हा कापणी, बांधणी, पुंजणे. कापलेलं धान पाण्यात भिजत ठेवून कोणी पंढरीला निघेल? दिंडी जाते, पण घरातला एखादाच जातो. काही जण आषाढीच्या वेळेला धापेवाड्याला जाऊन माथा टेकून येतात, बाकीचे इथंच. म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीनं ठरवलं, ज्याला कार्तिकीला जाणं होत नाही त्यानं मंडईत वाढायचं. तीच त्याची वारी.

मंडईत पैसा असेल त्याला सगळं मिळते. आलूबोंडा मिळते, भजे मिळतात, जिलेबी मिळते. पण म्हातारी माय नातवाचा हात धरून दोन कोस चालत येते, तिच्या पदरात दहा रुपये असतात. ते नातवाच्या फुग्यात जातात. मजुरीचे गडी येतात. अन् रात्रभर आपल्याला हसवणारे कलावंत, त्यांची बिदागी केवढी अन् त्यात तोंडं किती! अशांसाठी आपला मांडव. वर बोर्ड एकच, 'या, बसा, जेवा'.

मांडवाचा हिशोब नव्या पोरांनी ध्यानात ठेवावा. घरटी एक पायली धान गोळा होते. एक क्विंटल धानाचे गिरणीतून साठ-पासष्ट किलो तांदूळ निघतात. आपली माणसं भातखाऊ, एक किलो तांदळात सहा-सात पानं धरावी, जास्त धरू नये. डाळ तांदळाच्या चौथ्या हिश्शानं. वांगे-आलूची पातळ भाजी. अन् दिवाळीत हलक्या धानाचा नवा तांदूळ येतो, तो गंजात गिचका होते. म्हणून अर्धा जुना तांदूळ मिसळावा, अन् पाणी हात राखून टाकावं. हे आम्हाला आमच्या मायनं शिकवलं. कार्तिकी एकादशीच्या दिवशी कुठं मंडई आली तर आम्ही उपाशी राहून रांधतो. चव पाहता येत नाही, मीठ अंदाजानं. वाढणाऱ्याचा उपवास असला म्हणून जेवणाऱ्याचा होत नाही.

आता आमची चूक.

तीसएक वर्षं झाली असतील. आम्हाला नुकतंच लोक महाराज म्हणायला लागले होते. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, अन् डोक्यात थोडी हवा. मांडवात आम्ही पंगती बसवत होतो. भोंग्यावरून आम्हीच ओरडत होतो की सर्वांनी प्रसाद घ्यावा, कोणी उपाशी जाऊ नये. तेवढ्यात खडी गंमतीतला नाच्या आला. तोंडाला रंग, अंगावर लुगडं, पायात चाळ. दुसरा वग लागायला वेळ होता, त्याला घाई होती. तो सरळ येऊन दिंडीच्या टाळकऱ्यांजवळ पानावर बसला. एक-दोघांनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही गेलो अन् म्हणालो, "तुमचं मागाहून पाहू. तिकडं बाजूला बसा."

आम्ही त्याची जात विचारली नाही. विचारायची गरज नव्हती, मनात होतीच. तो काही बोलला नाही. वाढलेलं पान उचलून त्यानं शेजारच्या पोट्ट्यापुढं सरकवलं अन् गेला. चाळ वाजत गेले. थोड्या वेळानं तिकडं ढोलकी वाजली अन् तो नाचायला उभा राहिला. लोक हसून राहिले होते. तो उपाशी नाचून राहिला होता, अन् त्याला आम्ही उपाशी ठेवलं होतं.

घरी आलो तर झोप नाही. चार दिवसांनी एका गावात आमचं काल्याचं कीर्तन होतं. उभे राहिलो अन् सांगायला लागलो, गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, देवानं सगळ्यांच्या एकात कालवल्या, कोणाची कोणती ते ओळखू येईना. बोबडा, लंगडा पेंद्या, त्यालाही देवानं आपल्याजवळ बसवलं. पेंद्याचं नाव घेतलं अन् आमची जीभ अडली. कारण तोच पेंद्या त्या रात्री खडी गंमतीत होता. त्यांच्यात आधी गण, मग गवळण. त्या गवळणीतही कृष्ण, पेंद्या अन् गवळणीच असतात. आमचा काला अन् त्यांची गवळण एकाच गोकुळातली. मग त्यानं बाजूला कशाला बसावं?

अन् आपल्या नाथ महाराजांनी काय केलं? गवळणी लिहिल्या, भारुडं लिहिली, वेगवेगळ्या जातीधंद्याच्या माणसांचं सोंग घेऊन बोलले. त्यांच्या चरित्रात आहे, श्राद्धाचं अन्न ज्यांना वास घेण्याचीही बंदी होती अशांना त्यांनी बोलावून वाढलं. आपल्या विदर्भातले गाडगेबाबा पाहा. पंढरपुरात ज्यांना कोणी उतरू देत नव्हतं त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, अन् १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. खुद्द विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषण करावं लागलं. देऊळ उघडलं तरी आमचा मांडव तेवढा बंद होता. भोंगा उघडा अन् मांडव बंद!

पुढच्या साली तीच पार्टी आली. आम्ही वाट पाहिली, तो माणूस मांडवाकडं फिरकला नाही. विचारपूस केली तर समजलं, हॉटेलातून भजे आणून खाऊन राहिला आहे. मग आम्ही पान वाढलं, वरण-भात, भाजी, वर लिंबाची फोड, अन् रंगाच्या पेटीपाशी घेऊन गेलो. म्हणालो, "भाऊ, मागच्या साली आम्ही चुकलो. जेवा." तो आरशात पाहून तोंडाला रंग लावत होता. म्हणाला, "आता रंग लागला, महाराज." आम्ही पान घेऊन उभेच. बराच वेळ गेला. मग त्यानं बोटं पुसली, पान घेतलं, दोन घास खाल्ले. म्हणाला, "मीठ बरोबर पडलं आहे." बस, तेवढंच. आम्हाला माफ केलं असं तो बोलला नाही, अन् आम्हीही तसं समजत नाही.

त्या साली आम्ही दिंडीच्या बैठकीत विषय काढला. दोन जुने वारकरी रागावले. म्हणाले, माळकऱ्याच्या पंगतीला तमासगीर बसला तर वारीला काय राहिलं? एक जण दोन वर्षं मांडवात आला नाही. पण शेवटी ठरलं, अन् तेच आजवर चालू आहे. पहिली पंगत कलावंतांची. त्यांच्यासोबत दिंडीतले पाच जण त्याच ओळीत बसतात. आधी बसतो तो विणेकरी. कोणी धान किती दिलं ते भोंग्यावर सांगायचं नाही. कोणाला 'पुरे का' असं विचारायचं नाही, 'आणखी घ्या' म्हणायचं.

आता आमच्या तरुण पोरांचं म्हणणं आहे, महाराज, पंगतीला वाढणारे हात पुरत नाहीत, रात्रीचे दोन वाजतात, पुड्या बांधून वाटू. त्यांचं खोटं नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ लावणारेही आता कमी झाले. म्हाताऱ्या माणसाला, लेकुरवाळीला पुडी हातात द्या, लवकर सुटतील. पण एक पंगत ठेवा. पुडी घेऊन माणूस आपल्या वाटेनं जाते, अन् देणाराही आपल्या वाटेनं जाते. पंगतीत मांडीला मांडी लागते. आमचा अहंकार पुडीनं गेला नसता, तो त्या ओळीत गेला.

शंभर वर्षं दिंडी चालली ती पायांनी चालली, तशी हातांनीही चालली. आम्ही आता साठी ओलांडली. पान उचलून गेलेल्या माणसाच्या पायातले चाळ आम्हाला अजून ऐकू येतात, अन् ते ऐकू येणं बंद होऊ नये एवढंच विठ्ठलाजवळ मागणं आहे. यंदाच्या मंडईत पहिल्या पंगतीला कोणीतरी नवीन माणसानं बसावं, वाढायला आम्ही आहोत.

चुकलं-माकलं पोटात घाला. राम कृष्ण हरि.