आईचे रक्त, बाळाचे रक्त



कामगार संघटनेच्या माणसाने रक्तगटावर का बोलावे, असे तुम्हांला वाटेल. आपल्या भागातल्या बाया दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांत एखादी पोटुशी असते. पहिले मूल ठणठणीत, पण दुसरे-तिसरे दगावले, की लोक तिच्याच कुशीला बोल लावतात. अशा मृत्यूचे कारण कधीकधी रक्तात असते.

१९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी रक्तातला आरएच घटक उजेडात आणला. तो असेल ते रक्त पॉझिटिव्ह, नसेल ते निगेटिव्ह. आपल्या देशात शंभरांत पाचएक माणसे निगेटिव्ह असतात. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला, तर मूल पॉझिटिव्ह असू शकते. बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. तिचे शरीर ते परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवते. तोवर पहिले मूल बहुधा सुखरूप जन्मलेले असते. पुढचे मूल पॉझिटिव्ह असले, तर ही प्रतिद्रव्ये वारेतून जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मूल पांढरे पडते, जन्मताच काविळीने पिवळे होते, कधी पोटातच जाते. गर्भपातानंतरही हा धोका असतो.

यावर १९६८ पासून अँटी-डी हे इंजेक्शन मिळते. एक अठ्ठाविसाव्या आठवड्यात देतात. मूल पॉझिटिव्ह निघाले, तर दुसरे बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली, की मात्र त्याचा उपयोग नाही. मग मोठ्या रुग्णालयाची देखरेख लागते, प्रसंगी पोटातल्या बाळालाच रक्त द्यावे लागते.

हे औषध प्रथम माणसांच्या रक्तापासूनच तयार झाले. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ पर्यंत ११७३ वेळा दान केले. त्यातून सुमारे २४ लाख बाळांना आधार मिळाला, असे तिथली रक्तसेवा सांगते. आपल्याकडे रक्तगटांच्या अभ्यासासाठी मुंबईत १९५७ साली केंद्र निघाले. तीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था.

म्हणजे ज्ञान आहे, औषधही आहे. अडते ते फडावर. मुकादमाच्या वहीत उचलीचा पैसा न पैसा लिहिलेला असतो, पण बाईचा रक्तगट कुठेच नसतो. कोपीत रात्री बाळंतपण झाले, तर ७२ तास कुणी मोजायचे?

म्हणून माझे मागणे एवढेच. गरोदर बाईचा रक्तगट गाव सोडण्यापूर्वी तपासून घ्या आणि तो कागद तिच्याजवळ द्या. ती निगेटिव्ह असेल, तर ते नवऱ्याला, सासूला आणि मुकादमालाही सांगून ठेवा. येडाईला नवस बोला, पण तिच्या ओटीत तो कागदही असू द्या.