टीम बदलली, झहीर बदलला

जळगाव-धुळ्याच्या मैदानावरचा नेहमीचा प्रश्न: टीम बदलून बॉलिंग सुधारते का?

झहीर खानचं बघा. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा पोरगा. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळेना, म्हणून बडोद्याकडून खेळला. २००६ मध्ये भारतीय संघातली जागा गेली, तेव्हा तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. तिथे रनअप कमी केला, महिनोन्‌महिने ओव्हर टाकल्या आणि त्या मोसमात ७८ विकेट काढल्या. पुढच्याच वर्षी भारताने इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी कसोटी मालिका जिंकली. त्यात झहीरच्या १८ विकेट!

आमच्या आयटीतही असंच असतं. नव्या कंपनीत काम हातात पडलं, तरच माणूस शिकतो. म्हणून टीम बदलण्याआधी एवढंच विचारा: तिथे मला ओव्हर किती मिळतील?