रिपोर्ट डब्यात ठेवू नका

आम्ही बचत गटाच्या तुमच्या ताया.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर एका काकूंनी पदराआडून एक कागद काढला. सोनोग्राफीचा रिपोर्ट. तारीख सात महिन्यांपूर्वीची! तांदळाच्या डब्यात दडवून ठेवला होता. त्यात 'हायपरइकोइक' असा शब्द होता. कुणीतरी सांगितलं, ही गाठ असणार. काकूंनी मनात कॅन्सर धरला आणि पुन्हा दवाखान्यात गेल्याच नाहीत. दुखलं की ओवा खायचा, बस्स.

आम्ही दोघीजणी त्यांना घेऊन गेलो. निघाले पित्ताशयातले खडे. पण तोवर सूज आली होती. ऑपरेशन झालं, आता काकू बऱ्या आहेत. पण सात महिन्यांचं दुखणं आणि भीती उगाच सोसली. म्हणून त्या दिवशी डॉक्टरांना विचारून घेतलेलं आज तुम्हाला सांगतो.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाने काढलेलं चित्र. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तसंच. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या मशीनचा आवाज २० लाखांच्या पुढचा, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. एक्स-रेसारखे किरण यात नसतात. पोटावरून फिरवतात तो प्रोब. तोच आवाज पाठवतो, तोच परत आलेला घेतो. मधे हवा राहिली तर आवाज आत जात नाही, म्हणून ते थंडगार जेल लावतात.

आता रिपोर्टातले शब्द. 'इको' म्हणजे प्रतिध्वनी. 'अ‍ॅनइकोइक' म्हणजे आवाज परत आलाच नाही, चित्रात काळं दिसतं. पाणी, लघवी असं पातळ काही असलं की तसं दिसतं. 'हायपोइकोइक' म्हणजे आजूबाजूपेक्षा गडद, 'हायपरइकोइक' म्हणजे जास्त पांढरं. खडा पांढरा दिसतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. 'डॉपलर' म्हणजे रक्त कसं वाहतंय ते पाहणं. हे सगळे शब्द दिसण्याचे आहेत, आजाराची नावं नाहीत. आजार कोणता, ते डॉक्टर तपासून सांगतात.

जाण्याआधी विचारा, पोट कसं ठेवायचं? पित्ताशय पाहायचं असेल तर उपाशी बोलावतात. गर्भपिशवी पोटावरून पाहायची असेल तर बहुतेक वेळा पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात. आतून तपासणी असेल तर लघवी करून जायचं. हे न विचारल्यामुळे आपल्यातल्या कितीतरी जणी रोजगार बुडवून तशाच परत आल्यात.

गरोदर असाल तर १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. बाळाचे अवयव नीट आहेत का, ते तेव्हा पाहतात. मुलगा की मुलगी, हे मात्र विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. १९९४च्या कायद्याने तो गुन्हा आहे. सासरचे आग्रह करत असतील तर गटात बोला, आम्ही सोबत आहोत.

आणि घरी कुणाच्या डब्यात, गादीखाली एखादा रिपोर्ट असेल तर उद्याच काढा. एकटीला भीती वाटत असेल तर आम्हाला हाक मारा. दवाखान्यात दोघी मिळून जाऊ.