आजीचं राखेचं गाडगं

मी अकोले तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी तुमच्याशी हप्ता, व्याज आणि रजिस्टर यावरच बोलते. आज माझ्या आजीबद्दल बोलणार आहे. २०२१ च्या जून महिन्यात ती गेली.

आजीला घरात करमत नसे. "भिंती अंगावर येत्यात गं," म्हणायची. दिवस उजाडायच्या आत ती बांधावर असायची. पावसाळ्यात डोक्यावर इरलं आणि पाय गुडघाभर चिखलात, पण तोंडावर हसू. पहिल्या पावसानंतर रानातून कुरडू आणि भारंगी आणायची, चाईचा मोहोर आणायची. हिरड्याच्या दिवसांत डोंगरातच तिचा मुक्काम. नवरात्रात कळसूबाईला जाणं तिनं सत्तरी ओलांडेपर्यंत सोडलं नाही. १६४६ मीटरचं ते शिखर, आणि ही बाई अनवाणी! मी कॉलेजात असताना एकदा बरोबर गेले, तर शिड्यांपाशीच मला धाप लागली. आजी वर जाऊन नारळ फोडून परत खाली आली तरी मी निम्म्यातच.

पण मला सांगायचंय ते तिच्या बियांचं.

घेवड्याच्या वेलावर पहिल्या बहराच्या चांगल्या भरलेल्या शेंगा ती कुणालाही तोडू देत नसे. "त्या बियाच्या हाईत." वेलावरच वाळवायच्या, मग सावलीत पसरायच्या, किडका न् सुरकुतलेला दाणा बाजूला काढायचा. चुलीची राख चाळून तिच्यात बी कालवायचं, गाडग्यात भरायचं, तोंडाला फडकं बांधून वरून शेणमातीनं लिंपायचं. राख कोरडी असते, त्यामुळं ओल धरत नाही आणि भुंग्याला दाण्यापर्यंत फिरकता येत नाही. भाताच्या लोंब्या मात्र ती उभ्या पिकातून निवडायची आणि त्या भाताचं गाठोडं आढ्याला टांगायची, चुलीचा धूर लागेल असं. काळसर टरफलाचा, वासाचा काळभात होता तो आमच्या खाचरातला. चुलत्यांनी संकरित भात लावायला सुरुवात केली तरी आजीनं एका कोपऱ्यात आपला काळभात सोडला नाही. विकतच्या संकरित बियाचं बी पुढच्या साली पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, दरवर्षी दुकानात जावं लागतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते खाचरात पाहिलं होतं.

१९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. घरात पोरं उपाशी होती, त्यात माझे वडील. गाठोडं तेव्हाही त्याच आढ्याला होतं. ते तिनं सोडलं नाही. सासूनं बोल लावले, शेजारणीनं नावं ठेवली. "पेरायचं बी खाल्लं तर पाऊस आल्यावर काय माती पेरू?" एवढंच ती म्हणे.

२०२० च्या जानेवारीत आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. जुनी शेती वडिलांकडून शिकल्या. नातू आजारी पडला तेव्हा फवारलेल्या भाजीवर त्यांचा संशय गेला आणि गावरान बी जमवायचं त्यांनी मनावर घेतलं. पुढं बायफ संस्थेची साथ मिळाली, घरीच बियाणं बँक उभी राहिली. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं होतं. मी ही बातमी आजीला वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "बी राखल्याचंबी बक्षीस मिळतं व्हय?" आणि हसत बसली. मीही हसले. तिच्या गाडग्यात काय काय आहे ते तेव्हा विचारून लिहून घ्यावं, हे बी.ए. झालेल्या, रोज दहा रजिस्टरं लिहिणाऱ्या मला सुचलं नाही.

दीड वर्षानं आजी गेली. अंथरुणावर असल्यानं त्या मृगाला तिचं बी पेरलंच गेलं नव्हतं. दहाव्याच्या आधी घर साफ करायला काढलं. माळ्यावर तीन गाडगी निघाली, नुसती राख दिसली म्हणून मी स्वतः ती उकिरड्यावर ओतली. आढ्याचं गाठोडं गिरणीत गेलं. तेराव्याला पंगतीत सगळे म्हणाले, भाताला काय सुरेख वास आहे! मीसुद्धा दोनदा वाढून घेतला.

त्या नोव्हेंबरात राष्ट्रपती भवनात राहीबाईंनी पद्मश्री स्वीकारली. टीव्हीवर बघताना माझ्या पोटात एकदम गोळा आला. उठून उकिरड्याकडे गेले. चार महिन्यांच्या पावसानं तिथं काय राहणार? आई म्हणाली, आषाढात तिथं वेल उगवले होते, शेळ्यांनी खाल्ले.

मग मी शोधत सुटले. आजी वानवळा फार वाटायची. भाजी द्यायची तशी बीही मूठमूठ द्यायची. राजूरकडं दिलेल्या माझ्या आत्याकडं घेवडा सापडला, तोच तांबूस ठिपक्यांचा. आत्यानं मुठीनं दिला आणि वर रागावली, "माझ्या आईचं बी मलाच मागायची पाळी आली तुझ्यावर?" काय बोलणार?

आता आमच्या गटाच्या रजिस्टरला मी एक पान जोडलंय. कुणाच्या घरी कोणतं बी, कुणाकडून आलं, कुणाला दिलं. सासवांना विचारूनच लिहायचं, असा नियम केलाय. पहिल्याच बैठकीत दोघी सासवा अशा बोलायला लागल्या की हप्ते गोळा करायचे राहून गेले.

घेवडा यंदाही मांडवावर चढलाय. पण काळभात आमच्याकडं परत आलेला नाही. तालुक्यात तो आहे, मला ठाऊक आहे, पण आमच्या आजीनं वानवळा दिलेला कुणाच्या तरी खाचरात असेल, अशी आस आहे. तुमच्यापैकी कुणाच्या आजीला, सासूला अशा एका अनवाणी म्हातारीनं कळसूबाईच्या वाटेवर भाताचं बी दिल्याचं आठवत असेल, तर गटाच्या ताईला सांगा, निरोप माझ्यापर्यंत येईल. मला मूठभर पुरे. परत करताना दोन मुठी करीन.